पट्टी-परीक्षा : त्वचेच्या अधिहर्षतेचे कारण कसे शोधतात

१. पुण्यातील एक नवे तण

१९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. पुण्यात आदल्या वर्षी आढळलेल्या एका परदेशी वनस्पतीची भारतातील नोंद, एवढाच त्याचा विषय होता. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. तिचे मूळ स्थान उष्ण अमेरिका. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली, फुले बारीक व पांढरी. पुढे महाराष्ट्रात तिला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे मिळाली. वास्तविक ती गवत नव्हे. सूर्यफूल व शेवंती ज्या कुलातील, त्याच कुलातील ती आहे.

हे तण पीएल-४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगण्यात येते. त्या कायद्याखालील भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे; वनस्पती तर १९५५ मध्ये पुण्यात दिसली होती. १९५१ च्या कर्जातूनही अमेरिकी गहू आपल्याकडे आला होता, त्यामुळे धान्यातून बी आले असणे अशक्य नाही. परंतु ज्या कराराला दोष दिला जातो तो या नोंदीनंतरचा आहे. दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण होय, असे आपले मन चटकन ठरवून टाकते. या पुस्तिकेचा विषय वनस्पतींचा इतिहास नाही, तथापि ही चूक लक्षात ठेवावी. कारण त्वचारोगाच्या बाबतीत नेमकी हीच चूक रोगी व वैद्य या दोघांकडूनही वारंवार होते.

तण झपाट्याने पसरले. एकेका झाडास हजारो बिया येतात. त्या वारा, पाणी, वाहने व जनावरे यांच्याबरोबर दूर जातात. काही वर्षांतच पुणे भागातील डॉक्टरांकडे एक विशिष्ट प्रकारचे रोगी येऊ लागले. बहुतेक प्रौढ पुरुष, त्यांत शेतावर वा उघड्यावर काम करणारे अधिक. चेहरा, पापण्या, मान, कोपराचा आतला भाग, अशा ठिकाणी त्वचा लाल होई, सुजे, खाज सुटे, पाणी सुटे आणि कालांतराने ती जाड व काळपट होई. पावसाळ्यात, तण माजले असता, हा त्रास वाढे; तण वाळले की प्रथम तो ओसरे, परंतु काही वर्षांनी बारमाही होऊन बसे. १९६८ मध्ये लोणकर व जोग यांनी या वनस्पतीमुळे झालेल्या त्वचारोगाचा एक रुग्णवृत्तांत प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी या रोगाचा सविस्तर अभ्यास जगापुढे मांडला.

आता प्रश्न असा की, कारण हेच तण आहे हे ठरविले कसे? शेतकऱ्याच्या अंगाला माती लागते, खत लागते, कीटकनाशक लागते. ऊन लागते, घाम येतो. तो दाढीचा साबण वापरतो, केसांना कलप लावतो. यांपैकी अपराधी कोण? केवळ संशयावरून शेती सोडावयास सांगावे, तर त्याच्या पोटावर पाय येतो. आणि संशय चुकीचा असला तर शेती सोडूनही रोग जात नाही. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी एक साधी, स्वस्त आणि शंभर वर्षांहून अधिक काळ कसास उतरलेली परीक्षा आहे. तिला डॉक्टर पॅच टेस्ट म्हणतात; आपण तिला पट्टी-परीक्षा म्हणू.

२. दाह आणि अधिहर्षता

परीक्षा समजून घेण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखादा पदार्थ त्वचेला दोन निरनिराळ्या रीतींनी अपाय करू शकतो.

पहिली रीत सरळ दाहाची. ओला सिमेंट हातावर बराच वेळ राहिला, तर त्यातील तीव्र अल्कलीमुळे कोणाचीही त्वचा भाजून निघेल. येथे माणसामाणसांत फारसा फरक नसतो. पदार्थ किती तीव्र व किती वेळ लागला, यावर सारे अवलंबून असते. आणि अपाय पहिल्या संपर्कातच होऊ शकतो.

दुसरी रीत अधिहर्षतेची, म्हणजे ज्याला व्यवहारात ॲलर्जी म्हणतात त्याची. येथे पदार्थ स्वतः सौम्य असू शकतो. शंभर जणांना तो लावला तर नव्वदांहून अधिकांना काहीच होत नाही. परंतु ज्याच्या शरीराने त्या पदार्थाला एकदा शत्रू मानले, त्याच्या त्वचेवर त्याचा अत्यल्प अंशही पुरळ उठवितो. ही ओळख पटण्यास काळ लागतो. पहिल्या संपर्कात सहसा काही घडत नाही. एखादी गृहिणी दहा वर्षे वापरीत असलेल्या टिकलीची तिला अकराव्या वर्षी अधिहर्षता होऊ शकते. “मी हे किती वर्षे वापरते आहे!” हा युक्तिवाद म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

या दुसऱ्या प्रकारात शरीरात काय घडते? निकेल, क्रोमियमची संयुगे, कलपातील द्रव्ये अथवा गाजर गवतातील पार्थेनिन यांचे कण इतके लहान असतात की, ते एकटे असताना शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांची दखल घेत नाही. त्वचेत शिरून ते तेथील प्रथिनांना चिकटतात. असे झाले की आपलेच प्रथिन परके दिसू लागते. त्वचेत पसरलेल्या काही पहारेकरी पेशी हे जोडद्रव्य उचलतात व जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात. यांपैकी एका पेशीप्रकाराचे वर्णन पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये केले होते. तिचे खरे कार्य कळावयास मात्र शतक उलटावे लागले. ग्रंथीमध्ये टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना त्या द्रव्याची ओळख करून दिली जाते. त्यांची संख्या वाढते व त्या सर्व शरीरभर फिरू लागतात. या तयारीस साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. नंतर तोच पदार्थ शरीराच्या कोणत्याही भागाच्या त्वचेला लागला, की त्या पेशी तेथे गोळा होतात आणि एक ते तीन दिवसांत पुरळ उठते.

हे कार्य रक्तातील प्रतिपिंडांचे नसून पेशींचे आहे, हे १९४२ मध्ये लँडस्टायनर व चेस यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले. संवेदनशील प्राण्याच्या पेशी दुसऱ्या प्राण्यास टोचल्या असता त्यालाही ती संवेदनशीलता प्राप्त झाली.

वरील विवेचनातील दोन गोष्टी परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, रोग चेहऱ्यावर असला तरी ओळख साऱ्या त्वचेला झालेली असते; म्हणून परीक्षा पाठीवर घेता येते. दोन, प्रतिक्रिया उशिरा उमटते. म्हणून तिची वाट पाहावी लागते. शेंगदाणा अथवा परागकण यांच्या तत्काळ होणाऱ्या अधिहर्षतेसाठी सुईने टोचून जी परीक्षा घेतात, तिचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत दिसतो. ती परीक्षा निराळी व ही निराळी. पाठीवरील पट्टीवरून अन्नाची तत्काळ अधिहर्षता कळत नाही आणि सुईच्या परीक्षेवरून टिकलीची वा सिमेंटची कळत नाही.

३. परीक्षेचा उगम

त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडास्सोन यांना पाऱ्याचे मलम लावल्यावर पुरळ उठणारा एक रोगी भेटला. कारण पाराच आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांनी तोच पदार्थ रोग्याच्या निरोगी त्वचेवर मुद्दाम लावून झाकून ठेवला. तेथेही पुरळ उठले. १८९५ साली ग्राट्स येथे भरलेल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हा प्रयोग सांगितला. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये बनविला. म्हणजे रोगाच्या नावाहून रोगाची परीक्षा अकरा वर्षांनी जुनी आहे.

पुढे ब्रुनो ब्लॉख यांनी स्वित्झर्लंडमध्ये या पद्धतीचा विकास केला व मॅरियन सुल्झबर्गर यांनी ती अमेरिकेत नेली. कोपनहेगनच्या पोल बोनव्ही यांनी १९३९ मध्ये नेहमी अपाय करणाऱ्या पदार्थांची एक ठरावीक यादी तयार केली. प्रत्येक रोग्यावर तीच यादी वापरली म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे निकाल परस्परांशी ताडून पाहता येतात. भारताची स्वतःची यादीही आहे. तिच्यात निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, कलपातील पॅराफेनिलीन डायअमीन, रबरातील द्रव्ये, सुगंधी द्रव्ये यांच्या जोडीला गाजर गवताचा समावेश आहे. युरोपच्या मूळ यादीत या तणाला स्थान असण्याचे कारण नव्हते. प्रत्येक देशाची यादी म्हणजे तेथील हवेची, घराची व कामधंद्याची एक प्रकारची नोंदच असते.

४. परीक्षा कशी घेतात

प्रथम डॉक्टर रोग्याला प्रश्न विचारतात. पट्टीपेक्षा हा भाग कमी महत्त्वाचा नाही. काम कोणते? पुरळ प्रथम कोठे उठले? सुटीत अथवा गावी गेल्यावर कमी होते काय? पुरळाची जागा पुष्कळदा बोलते. कानाच्या पाळीवर असेल तर निकेलचे डूल, मनगटावर असेल तर घड्याळाचा पट्टा, कपाळावर वर्तुळाकार असेल तर टिकली. महाराष्ट्रात ‘बिब्बा उतला’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर पुरळ उठू लागले, तेव्हा असे दिसून आले की, धोब्याने सदऱ्याच्या गळपट्टीवर बिब्ब्याच्या रसाने जी खूण केली होती, तिच्या बरोबर खालीच ते उठत होते. १९४३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या ‘धोबीखुणेच्या रोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले.

यानंतर परीक्षा. आठ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या उथळ वाट्या चिकटपट्टीवर ओळीने बसविलेल्या असतात. प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ घालतात. तो शुद्ध स्वरूपात नसतो. व्हॅसलिनमध्ये अथवा पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळलेला असतो. आंतरराष्ट्रीय याद्यांत निकेल सल्फेट शेकडा ५ व पॅराफेनिलीन डायअमीन शेकडा १ या प्रमाणात असते. हे प्रमाण ठरविण्यातच या विद्येचे मर्म आहे. ते इतके तीव्र नसावे की, निरोगी माणसाचीही त्वचा भाजेल. आणि इतके क्षीण नसावे की, संवेदनशील माणसाच्या त्वचेलाही कळणार नाही. ओला सिमेंट तसाच पट्टीखाली कधीच ठेवीत नाहीत. तो सर्वांनाच भाजतो, म्हणून त्यापासून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी त्यातील संशयित क्रोमियमचे संयुग पोटॅशियम डायक्रोमेट सौम्य करून ठेवतात. एका वाटीत केवळ व्हॅसलिन असते. तेथे काही उमटले नाही, म्हणजे दुसरीकडे जे उमटले ते पट्टीमुळे अथवा व्हॅसलिनमुळे नव्हे, हे कळते. तुलनेसाठी ठेवलेली ही रिकामी वाटी म्हणजे प्रयोगाचा प्रामाणिकपणा होय.

पट्ट्या पाठीच्या वरच्या भागावर चिकटवून त्यांच्या जागा न पुसणाऱ्या शाईने खुणावतात. दोन दिवस त्या तशाच ठेवावयाच्या. या काळात पाठीवर पाणी घेऊ नये, घाम येईल असे कष्ट करू नयेत, ऊन लागू देऊ नये, खाजले तरी खाजवू नये. दिल्लीच्या मे-जूनमध्ये हे पथ्य सोपे नाही; घामाने पट्ट्या सुटतात. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तर दोन-तीन फेऱ्या म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे असते. ही अडचण डॉक्टरांनी ध्यानात घ्यावयास हवी. अन्यथा रोगी शेवटच्या वाचनास येत नाही आणि सारे श्रम वाया जातात.

अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढतात. चिकटपट्टीच्या ओढीने आलेली लाली ओसरावी म्हणून थोडा वेळ थांबून पहिले वाचन करतात. दुसरे वाचन तिसऱ्या अथवा चौथ्या दिवशी. काही पदार्थांची प्रतिक्रिया सातव्या दिवशीही उमटते. नोंदीची चिन्हे जगभर सारखीच आहेत. केवळ पुसट लाली असल्यास प्रश्नचिन्ह; लाली, सूज व बारीक पुटकुळ्या असल्यास एक अधिकचिन्ह; त्यांत पाण्याचे बारीक फोड आल्यास दोन; फोड एकमेकांत मिसळल्यास तीन.

दोन वाचनांचे कारण असे : दाहामुळे उठलेली लाली पट्टी काढल्यावर उतरू लागते, अधिहर्षतेमुळे उठलेली बहुधा चढत जाते. एकच वाचन म्हणजे चालत्या गाडीचे एकच छायाचित्र. गाडी पुढे जाते आहे की मागे, हे त्यावरून समजत नाही.

५. एक उदाहरण

समजा, दिल्लीजवळच्या सोनीपत जिल्ह्यातील एक पन्नाशीचा शेतकरी रुग्णालयात आला आहे. तीन वर्षांपासून त्याच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, कानामागे व मानेवर खाज आहे. रात्री झोप नाही. गावात त्याला कोणी रक्तदोष म्हणतो, कोणी कुष्ठ. त्यामुळे तो लग्नकार्यास जात नाही. तो स्वतः कीटकनाशकास दोष देतो. त्याच्या मुलाच्या मते कारण ऊन आहे.

परीक्षेआधीच डॉक्टर एक गोष्ट हेरतात. केवळ उन्हाने रोग झाला असता तर पापण्या, कानामागचा भाग व हनुवटीखालची सावलीची जागा बहुधा वाचली असती. येथे त्याच जागा धरल्या आहेत. हवेतून येऊन घड्यांत साचणाऱ्या धुळीसारख्या पदार्थाकडे हे बोट दाखविते. पुरळाचा जोर ओसरल्यावर परीक्षा घेतात. निकाल असा :

केवळ व्हॅसलिन : दोन दिवसांनी काही नाही, चार दिवसांनी काही नाही.
निकेल सल्फेट : दोन दिवसांनी काही नाही, चार दिवसांनी काही नाही.
पोटॅशियम डायक्रोमेट : दोन दिवसांनी पुसट लाली, चार दिवसांनी काही नाही.
पॅराफेनिलीन डायअमीन : दोन दिवसांनी एक अधिक; चार दिवसांनी एक अधिक.
पार्थेनियम : दोन दिवसांनी दोन अधिक, चार दिवसांनी तीन अधिक.

आता एकेक ओळ वाचू. व्हॅसलिनची जागा स्वच्छ आहे, म्हणजे पाठ विश्वासार्ह आहे. डायक्रोमेटची पुसट लाली चौथ्या दिवशी नाहीशी झाली. तो क्षणिक दाह होता, त्याला महत्त्व नाही. पार्थेनियमची प्रतिक्रिया तीव्र आहे, चढती आहे आणि रुग्णाच्या वृत्तांताशी जुळते : रोग पावसाळ्यात वाढतो, शेताच्या बांधावर तण आहे, धरलेल्या जागा हवेतील कणांच्या आहेत. येथे कारण सापडले, असे म्हणता येते.

परंतु कलपाच्या द्रव्याचे काय? तीही खरी प्रतिक्रिया आहे. विचारल्यावर कळते की, तो वर्षातून एकदा, लग्नसराईत, मिशांना कलप लावतो व नंतर दोन दिवस ओठ खाजतो. म्हणजे त्याला ही अधिहर्षताही आहे. पण तीन वर्षांच्या अखंड रोगाचे कारण ती नव्हे. त्याने कलप सोडावा, हे योग्यच. मात्र तेवढ्याने पापण्या बऱ्या होणार नाहीत. पाठीवर उमटलेली प्रत्येक खूण खरी असली, तरी ती चालू रोगाशी संबद्ध असेलच असे नाही. हा संबंध वाटी सांगत नाही. तो रुग्णाच्या जीवनक्रमातूनच शोधावा लागतो.

आणि कीटकनाशक? ते या यादीत नव्हते. म्हणून त्याला निर्दोष ठरविणेही घाईचे होईल. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ही परीक्षा देत नाही.

६. दिल्लीतील एक धडा

गाजर गवत पुण्यापुरते राहिले नाही. आज ते भारताच्या बहुतेक भागांत आढळते. दिल्लीत रेल्वेमार्गांच्या कडेने, मोकळ्या भूखंडांवर व यमुनाकाठच्या पडीत जमिनीवर ते माजलेले दिसते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. तेथील जे. एस. पसरिचा यांनी भारतीय जीवनातील वस्तूंमुळे होणाऱ्या संपर्कजन्य त्वचारोगांचा विस्तृत अभ्यास केला. त्यांच्या ‘काँटॅक्ट डर्मटायटिस इन इंडिया’ या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये दिल्लीत निघाली.

तेथे पट्टी-परीक्षेला मोजमापाचे रूप देण्यात आले. तणाचा अर्क क्रमाक्रमाने अधिकाधिक पातळ करावयाचा, प्रत्येक पातळीची पट्टी लावावयाची, आणि सर्वांत पातळ अशा कोणत्या अर्काने प्रतिक्रिया उमटते ते पाहावयाचे. एकाची त्वचा दहा पट पातळ अर्कापुढे गप्प राहते, तर दुसऱ्याची शंभर पट पातळ अर्कालाही ओळखते. दुसऱ्याची संवेदनशीलता अधिक. जिची संवेदनशीलता अधिक तिचा रोग अधिक तीव्र, आणि रोग बरा होऊ लागला की हा आकडा उतरेल, अशी अपेक्षा करणे अगदी स्वाभाविक होते.

ही अपेक्षा त्याच संस्थेत तपासली गेली. २००४ मध्ये के. के. वर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हा आकडा रोगाच्या तीव्रतेशी जुळत नाही आणि उपचाराने होणाऱ्या सुधारणेशीही जुळत नाही. कारण उघड आहे. रोगाची तीव्रता केवळ संवेदनशीलतेवर अवलंबून नसते. किती तण भोवती आहे, किती वेळ उघड्यावर जातो, औषध कोणते चालू आहे, या साऱ्यांचा तो परिणाम असतो. ज्या संस्थेत एखादी पद्धत रुजली, तेथेच तिची मर्यादा सिद्ध होऊन प्रसिद्ध व्हावी, यात उणेपणा नाही. विज्ञानाची वाटचाल अशीच होते.

७. निदानापासून प्रतिबंधाकडे

कारण कळले म्हणजे रोग बरा झाला, असे मात्र नव्हे. निकेलची अधिहर्षता असलेल्या स्त्रीने नकली दागिने सोडले की तिचे पुरळ जाते. टिकलीचा प्रश्न थोडा अधिक कठीण. १९९० मध्ये अलाहाबादच्या बजाज व सहकाऱ्यांनी दाखविले की, टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या द्रव्यामुळे कपाळाच्या त्वचेचा रंगच जाऊ शकतो. तरीही डिंकाची टिकली टाळता येते. परंतु हवेतून येणारा तणाचा कण कसा टाळावा? पूर्ण बाह्यांचा सदरा, शेतावरून आल्यावर अंघोळ व कपडे बदलणे, घराभोवतीचे तण काढणे, ते काम स्वतः न करता ज्याला अधिहर्षता नाही अशा माणसाने हातमोजे घालून करणे, एवढे करता येते. त्याने त्रास कमी होतो. पूर्णतः थांबतोच असे नाही. पुष्कळांना ॲझाथायोप्रिनसारखी, संरक्षक यंत्रणेस आवर घालणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घ्यावी लागतात. शेवंतीसारख्या त्याच कुलातील फुलांमध्ये सदृश रसायने असल्यामुळे काहींना त्यांचाही त्रास होतो.

म्हणून असा रोग एकट्याने टाळावयाचा नसतो. गावाने व नगराने मिळून टाळावयाचा असतो. तण फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना उपटले तर बी धरत नाही. १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूर येथे आणलेला झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा भुंगेरा या तणाची पाने खातो. चाचण्यांनंतर १९८४ मध्ये त्यास मोकळे सोडण्यात आले. त्याने पावसाळ्यात काही भागांत तणाचा जोर कमी केला, पण निर्मूलन केले नाही.

सिमेंटचे उदाहरण याहून आशादायक आहे. गवंड्यांच्या पाठीवर डायक्रोमेटची खूण पुनःपुन्हा उमटत असल्याचे दिसून आल्यावर डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे त्वचेत सहज शिरणारे षट्संयुजी क्रोमियम निरुपद्रवी रूपात बदलते. पुढे युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील अशा विद्राव्य क्रोमियमवर दशलक्ष भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. गवंड्याला धंदा सोडावा लागला नाही, सिमेंट बदलले. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील उत्तुंग इमारतींच्या पायाशी उघड्या हातांनी गिलावा कालवणारा मजूर पाहिला, म्हणजे एका लहानशा वाटीतील पुरळ किती दूरवर पोचू शकते, याची कल्पना येते.

८. मर्यादा आणि सूचना

परीक्षा दोन्ही बाजूंनी फसवू शकते. पदार्थ फार पातळ असला, पट्टी सुटली, दुसरे वाचन झाले नाही, अथवा रोगी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असला, तर खरी अधिहर्षता लपते. उलट, रोग जोरात असताना परीक्षा घेतली तर सारी पाठच चवताळते आणि जेथे तेथे खोट्या खुणा उमटतात. काही वेळा परीक्षेमुळे जुने पुरळ पुन्हा उसळते. क्वचित एखाद्या नव्या पदार्थाची ओळख शरीराला परीक्षेतच होते. म्हणून ही परीक्षा जाणत्या डॉक्टरानेच करावी. विद्यार्थ्यांनी गाजर गवताचा पाला, बिब्ब्याचा रस, कलप वा सिमेंट अंगावर बांधून प्रयोग मुळीच करू नयेत. आज त्रास नसलेल्या मुलालाही अशा प्रयोगातून आयुष्यभराची अधिहर्षता जडू शकते. ती एकदा जडली की सहसा जात नाही.

या रोगासंबंधी आणखी एक गोष्ट सर्वांनी जाणून घ्यावी. तो संसर्गजन्य नाही. रोग्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्या भांड्यात जेवल्याने तो दुसऱ्यास होत नाही. वरील उदाहरणातील शेतकऱ्याला त्वचेच्या खाजेइतकेच लोकांच्या अंतर राखण्याने दुःख झाले होते. त्याच्या पाठीवरील तीन अधिकचिन्हांचा एक अर्थ असाही होतो की, दोष त्याच्या रक्तात नसून बांधावरच्या तणात आहे. हे डॉक्टरांनी त्याच्या घरच्यांना व शेजाऱ्यांनाही सांगितले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दाह व अधिहर्षता यांतील तीन भेद सांगा.
२. पट्टी-परीक्षेत केवळ व्हॅसलिनची वाटी का ठेवतात? आपल्या शाळेतील कोणत्या प्रयोगात अशी तुलना केली जाते?
३. पहिल्या वाचनात एक अधिकचिन्ह व दुसऱ्या वाचनात काहीच नाही, असा निकाल आल्यास त्याचा अर्थ काय संभवतो?
४. गाजर गवत पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आले, या समजुतीविरुद्ध कोणता पुरावा आहे? त्या पुराव्याने काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही?
५. आपल्या गावात अथवा वस्तीत गाजर गवत कोठे कोठे वाढते, याचा वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, झाडास हात न लावता, एक नकाशा तयार करा. ते कोणत्या महिन्यात फुलावर येते, याची नोंद ठेवा आणि तो नकाशा ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस द्या.